रेवाच्या मापाचे दागिने

बाळाला दोन्ही हातांनी उचलता यावं, एवढंच हेमांगीला हवं होतं. डॉक्टर मंडळी तिच्यापुढे बरीच उद्दिष्टं मांडत होती. जिना चढणं, सही करणं, स्वतःचा चहा स्वतः करून घेणं. ती सगळ्याला मान डोलवायची, कारण नाही म्हटलं की पुन्हा समजावून सांगायला बसतात. मनात मात्र एकच असायचं.

त्याला कारण घडलं होतं. सानिका पहिल्या बाळंतपणाला मिरजेला माहेरी आली आणि तिला आठवा महिना सरत असताना हेमांगीलाच पक्षाघाताचा झटका आला. कन्याशाळेत उभी हयात गणित शिकवलेली बाई, नवऱ्यामागे एकटीने घर चालवलेली. जिने लेकीसाठी डिंक-अळीव निवडून डबे भरून ठेवले होते, तीच अंथरुणाला खिळली. मग रेवा जन्मली. बाळंतिणीचं आईने करायचं सोडून आईचं बाळंतिणीने करायचं, असा उलटा कारभार घरात सुरू झाला. जावई चेन्नईला. तो दर शनिवारी पडद्यावरून काळजी करायचा.

रेवा दीड महिन्याची असताना एका दुपारी सानिका तिला आजीच्या उजव्या कुशीशी ठेवून आंघोळीला गेली. पाळण्याला श्वास मोजणारी पट्टी होती, बिनसलं की सगळ्या घराला ओरडून सांगणारी. पण बाळ तेव्हा पाळण्यात नव्हतं. रेवाला उलटी आली आणि दूध घशात अडकलं. तोंड लाल झालं, मग जांभळट. हेमांगीचा उजवा हात दोघींच्या मध्ये गुंडाळलेल्या टॉवेलासारखा पडून होता. डावा पलीकडे. वळावं तर आपणच बाळावर पडू, ही भीती. तिने हाक मारली, ती हाक नव्हतीच, नुसता आवाज होता. सानिका अंगावर साबण तसाच घेऊन धावत आली, बाळाला पालथं धरून पाठ थोपटली आणि रेवा रडली. सगळा मिनिटभराचा खेळ. जगातली सगळी माया त्या मिनिटात हेमांगीच्या पोटात गोळा झाली होती आणि तिचा बाळाला काडीचा उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने जड जिभेने सानिकाला सांगितलं, "मला हस्तोदयमध्ये ने."

हस्तोदय हे मिरजेतलं व्यवसायोपचाराचं केंद्र. गावात दवाखाने पैशाला पासरी, पण हे निराळं होतं. औषध देणं हे तिथलं काम नव्हतं. हातून रोजची कामं पुन्हा कशी करून घ्यायची, ते तिथे शिकवत. हेमांगीला शाहीन मुजावर नावाची तरुण तज्ज्ञ मिळाली. बोलायला मोकळी, पण कामाला खमकी. तिने पहिल्याच दिवशी हेमांगीसमोर बसून सगळं उलगडून सांगितलं.

"काकू, तुमचा हात बिघडलेला नाही. मेंदूकडून हाताकडे येणारी वाट खचलीये. शेजारून नवी वाट पाडायची सोय मेंदूत असते. पण मेंदू हिशेबी आहे. ज्या कामात त्याला गोडी लागते, त्याच कामासाठी तो खोदकाम करतो."

ही गोडी म्हणजे काही कविकल्पना नव्हे. मन रमलं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि त्या क्षणी जे मज्जातंतू जागे असतात, त्यांच्यातले सांधे पक्के होतात. म्हणूनच व्यवसायोपचारवाले पूर्वीपासून रुग्णाच्या हातात लोकर, माती, रंग देत आले. भोकांत खुंट्या बसवून माणूस कंटाळतो, तोच माणूस मातीचा बैल करायला बसला की जेवण विसरतो. नवा शोध लागला तो एवढाच, की गोडीची लहर नेमकी कधी उठते, ते कपाळावरच्या पट्टीला कळू लागलं. लहर उठली रे उठली, की दंडावरची बाही त्याच क्षणी मज्जातंतूला बारीकसा झटका द्यायची. गोडी आणि हालचाल यांची मेंदूत गाठ पडायची. ज्या हाताला दोन वर्षं लागली असती, तो चार महिन्यांत वळायला लागला.

गोडी हातात उतरते, मग मागे काय उरतं, हे विचारायचं मात्र सुरुवातीला कोणाला सुचलं नाही.

"गुऱ्हाळ बघितलंय ना?" शाहीन म्हणाली. "रस काहिलीत गेला की मागे चिपाड. तुम्ही जो छंद इथे द्याल, तो हाताला कामी येईल. पण नंतर त्यात तुमचा जीव रमेलच असं नाही. बहुतेकांचा रमत नाही. हे आधी सांगितल्याशिवाय आम्ही पट्टी बांधत नाही."

तिच्या पाठीमागे भिंतीत एक कपाट होतं. त्यात एक बाजाची पेटी, अर्धवट विणलेला स्वेटर, कुंचल्यांचा डबा, लाकडी विमान, असलं बरंच काय काय पडलेलं. हात बरे झालेली माणसं त्या बऱ्या हातांनी ते घरी न्यायला विसरली होती. आठवण केली की म्हणायची, राहू दे, कोणाला तरी होईल.

मिरजकर हुशार. छंद जातो म्हटल्यावर लोक नावडते छंद घेऊन येऊ लागले. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर बागकाम घेऊन आले. कुंडीतली माती उकरून उकरून दमले, पण पडद्यावर लहर दाखवणारी रेघ सपाट. मधल्या सुट्टीत त्यांनी डाव्या हाताने भिंतीवरचं घड्याळ काढून उघडलं, तशी रेघ टुणकन उडाली. पुढे त्यांना सगळी उपकरणं खोलायला लावून हात बरा केला. आता घरचा मिक्सर बिघडला की ते दुरुस्तीवाल्याला फोन लावतात. बायको म्हणते, बरं झालं बाई, घरभर स्क्रू सापडत नाहीत. पण हे सांगताना तिचा चेहरा बघवत नाही.

हेमांगीनेही तेच केलं. क्रोशाची सुई आणली. रेघ झोपलेली. मग शब्दकोडी, मग कागदाची फुलं.

"काकू, तुम्ही मला फसवताय की मशीनला?"

"जमलं तर दोघांना."

शाहीन हसली आणि तिने सरळ सानिकाला विचारलं. सानिका बाळाला खांद्यावर टाकून दारात उभी होती. ती आईकडे न बघता म्हणाली, "हलवा. संक्रांतीचा काटेरी हलवा. आणि त्याचे दागिने."

हे खरंच होतं. थंडी पडली की हेमांगी दुसरीच बाई व्हायची. मंद आचेवर परात, परातीत तीळ नि खसखस, आणि चमचा चमचा एकतारी पाक सोडत बोटांनी तासन् तास फिरवत राहायचं. घाई केली की गठ्ठे होतात, आच वाढली की साखरेचं पीठ पडतं. दोन दिवस नुसते पांढरे दाणे, आणि मग एका सकाळी त्यांच्यावर काटा फुललेला दिसतो. त्या सकाळी ती शाळेत गेली की मुली आपसांत म्हणायच्या, आज बाईंना गणित चुकलेलं चालेल. पुढे ते दाणे दोऱ्यात गुंफून नव्या सुनांसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळांसाठी दागिने करायचे. निम्म्या गल्लीतल्या पोरांनी तिच्या हातचे वाळे घातले होते.

शाहीनने परात आणि आच बेताची ठेवणारी शेगडी मागवली, कारण हेमांगीच्या उजव्या बोटांना चटका कळत नव्हता. पाक झाला का बघायला हेमांगीने डाव्या हाताच्या दोन बोटांत त्याची तार ओढली, आणि पडद्यावरची रेघ अशी चढली की शाहीनने खुर्ची पुढे ओढली.

"सापडलं," ती म्हणाली. "द्यायचं?"

हेमांगी परातीकडे बघत राहिली. तिला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं तिने नीट बघून घेतलं. "दे. दागिने काय, विकत मिळतात."

"एक नियम आहे. वस्तू कोणासाठी म्हणून करायची नाही. नुसती करायची."

"का?"

"नियमावलीत आहे. मन पुढे धावलं की लहर गढूळ होते म्हणतात."

नियम होता, कारण नीटसं नव्हतं. गणिताच्या शिक्षिकेला बिनकारणाचा नियम पटणं कठीण. शिवाय हलव्याचा दागिना मापाशिवाय कोणी करतं का? हेमांगीच्या आईने तिला हाताला धरून हेच शिकवलं होतं. जिच्या अंगावर जायचा, तिच्या मनगटाला, गळ्याला, कपाळाला दोरा लावून माप घ्यायचं, आणि तेवढाच करायचा. हा दागिना ठेवणीतला नाही, एकदा घालायचा आणि खाऊन टाकायचा. बिनमापाचा म्हणजे दुकानातला. दुकानातला दागिना हेमांगीने आयुष्यात केला नव्हता आणि पक्षाघात झाला म्हणून करणारही नव्हती.

तिने सानिका स्वयंपाकघरात असताना रेवाच्या मनगटाला दोरा गुंडाळला. एक टोक दातांत, एक डाव्या हातात. दोरा पाकिटात गेला. शाहीनला सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

दिवाळीनंतर काम रंगलं. चालकाविना रिक्षा दारात यायची, 'जपून बसा' म्हणायची आणि हेमांगीला हस्तोदयला सोडायची. उजवा हात परातीवर, कपाळाला पट्टी, दंडाला बाही. आधी हात नुसता परातीत पडून असायचा आणि शाहीन मनगट धरून तो फिरवायची. हेमांगी डोळे मिटून रेवाचं मनगट आठवायची, त्याच्यावर पडलेली वळी आठवायची, आणि रेघ डोंगर चढायची. शाहीन खूश. "काकू, तुमच्यासारखी लहर अजून कोणाची बघितली नाही." हेमांगीला मनातून हसू यायचं. चोरून कॉपी करून पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलींना असंच वाटत असेल.

मनगट वळलं. तळवा उघडला. मार्गशीर्षात अंगठा आणि तर्जनी जवळ आली आणि तिने पहिला तीळ चिमटीत धरला. सानिकाने त्याचं चित्रण चेन्नईला पाठवलं.

हलव्यातली मजा जात चालली होती, हे हेमांगीला कळत होतं. काटा फुललेली सकाळ आता वह्या तपासण्यासारखी झाली होती. बरोबर, बरोबर, पुढचं. ते अपेक्षितच होतं, त्यामुळे तिने त्याचं फार मनावर घेतलं नाही. एकदा मात्र सानिकाने आतून हाक मारली, "आई, लवकर ये, रांगायला लागली." हेमांगी आली. रेवा सतरंजीवर हातभर पुढे सरकून हसत होती. हेमांगी म्हणाली, "छान," आणि दाणे गुंफायला परत गेली. सानिका तिच्या पाठीकडे बघत राहिली. हेमांगीने स्वतःची समजूत घातली, दमलोय आपण.

बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी केलं. गल्लीतली पोरं गोल करून बसली, त्यांचं लक्ष बोरांवर, उसाच्या करव्यांवर आणि चॉकलेटांवर. रेवाला काळं झबलं. बिंदी, कानातले, हार, वाळे, कमरपट्टा, सगळं हेमांगीने दोन्ही हातांनी बांधलं. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. शेजारच्या देशिंगेवहिनी वाळ्याजवळ डोळे नेऊन म्हणाल्या, "हेमाताई, आजवरच्या सगळ्यांत हा काटा सरस. सोनार लाजेल."

"घे ना तिला, आई," सानिका म्हणाली. सगळ्यांना ठाऊक होतं हेमांगीला काय हवं होतं.

हेमांगी वाकली, दोन्ही हात बाळाच्या काखेत घातले आणि तिला उचलून छातीशी घेतलं. उजवी बोटं पाठीवर नीट पसरली. कोणीतरी डोळ्यांना पदर लावला. हेमांगीला बाळाचं वजन लागलं, ऊब लागली, टाळूवरच्या तेलाचा वास आला. बाकी काही आलं नाही.

ती थांबली. चुकलं असेल म्हणून पुन्हा गणित मांडावं, तसं तिने बाळाच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं. गोरं, गोल, दोन दात. कोणाचं तरी बाळ. मग तिने सानिकाकडे बघितलं, आणि आत पोटात जे हलायचं ते हललं. म्हणजे ते जागेवर होतं. देशिंग्यांच्या नातवाने करवा हिसकावून घेतला, त्याचंही तिला कौतुक वाटलं. परत रेवाकडे बघितलं. तिथे कोरी पाटी होती. हेमांगीला भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. तिने बाळाला पाटावर बसवलं, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले आणि सगळ्यांबरोबर हसली.

सोमवारी तिने शाहीनला सांगितलं. शाहीनने पट्टी बांधली आणि पडद्यावर चित्रं दाखवली. सानिका, रेघ चढली. मिरजेचं रेल्वे स्टेशन, थोडीशी हलली. अनोळखी बाळ, जराशी चढली. रेवा. सपाट. रेवाचा आवाज ऐकवला. सपाट. शाहीनने दोनदा यंत्र तपासलं.

"तुम्ही दागिने तिच्यासाठी केले?"

"माप घेतलं होतं. बिनमापाचा कसा करणार?"

शाहीनने पट्टी सोडली आणि ती हातातच धरून बसली. "पट्टीला लहर कळते, काकू. ती हलव्याची आहे की नातीची, हे तिला कळत नाही. तुम्ही बाळ मनात धरून परात फिरवलीत, तिने दोन्ही गोड्या एकदमच घेतल्या. हलव्याची थोडी असेल. जास्त तुमच्या रेवाचीच होती." मग म्हणाली, "चूक आमची आहे. नियम सांगितला आणि कारण सांगितलं नाही. आम्हालाच ते आज कळतंय."

हेमांगीला तिची दया आली. पोरीचे डोळे भरले होते, आणि जिचं गेलं ती कोरडी ठणठणीत बसली होती.

"उलट करता येतं का?"

"येतं. वाट अजून ओली आहे. लहरीच्या आधी झटका देत गेलं की पडलेल्या गाठी सुटतात. आपल्याकडे दोघांचं केलंय. गोडी बरीचशी परत आली."

"आणि हात?"

"जाईल. जवळजवळ सगळा. आणि पुन्हा आणायला रेवा सोडून तुमच्याकडे तेवढं मोठं काही उरलेलं नसेल." "महिनाअखेरपर्यंत ठरवायला हवं. नंतर वाट पक्की होते. तुम्हाला काय वाटतं?"

"तीच तर पंचाईत आहे," हेमांगी म्हणाली. "मला काही वाटत नाही." तहान नसलेल्या माणसाला पाणी हवं का म्हणून विचारावं, तसा तो प्रश्न होता. पाणी चांगलं असतं, हे तिला माहीत होतं.

घरी तिने सानिकाला सगळं सांगितलं. लपवण्याइतकी शरमही तिला वाटत नव्हती. सानिका आधी भडकली. "तुला नियम सांगितला होता ना? आयुष्यभर मुलींना म्हणालीस, प्रश्न नीट वाचा म्हणून." मग चार-पाच दिवस बाळाला ती आजीकडे देईना. भाजी ढवळतानाही कडेवर घ्यायची. हेमांगीने भाकऱ्या थापल्या, दोन्ही हातांनी, गोल.

एका दुपारी भरवून झाल्यावर सानिका येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. रेवा तिच्या मांडीत चमचा चावत होती.

"उलट करून घे, आई."

"का?"

"का म्हणजे? ती तुझी नात आहे."

"हे मला माहीत आहे. पुढच्या आठवड्यापासून तू इथल्या शाखेत कामावर जाणार. दिवसभर ही माझ्याजवळ. हात नसलेली आजी काय करणार तिचं? पुन्हा काही अडकलं घशात, तर मी काय नुसता जीव टाकत बसू?"

सानिका चमच्याकडे बघत म्हणाली, "तुला एक सांगू? ही झाली तेव्हा मला हिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं."

हेमांगीने मान वर केली.

"काही म्हणजे काहीच नाही. पाजायची, पुसायची, कपडे बदलायची. एखाद्याने काम सोपवावं तसं. दाराआड रडायची, पण तेही हिच्यासाठी नाही. सांगणार कोणाला? तुझी जीभ धड वळत नव्हती. ह्यांना सांगितलं असतं तर ते पडद्यावरून घाबरले असते." तिने रेवाच्या तोंडातला चमचा सरळ केला. "मी हिला सारखी तुझ्याजवळ आणून ठेवायची, आठवतं? तू अडखळत म्हणायचीस, अगं, हिला माझी एवढी सवय कशाला लावतेस. सवय नव्हती, आई. हिच्यावर जीव असलेलं घरात तू एकटीच होतीस. निदान तिथे राहू दे, असं वाटायचं."

समोर आपली लेक, आणि तिच्यासाठी आतलं सगळं जागच्या जागी होतं. ते दुखलं. तिने उजवा हात पुढे करून सानिकाच्या गुडघ्यावर ठेवला.

"मग कधी वाटायला लागलं?"

"कोणास ठाऊक. असा एक दिवस नव्हता. केव्हातरी लक्षात आलं की वाटतंय."

"नसतं लागलं तर?"

सानिकाने खांदे उडवले. "तर काय. पाजलंच असतं की."

रेवाने चमचा फेकला. हेमांगीने तो वाकून उचलला, धुवून आणला आणि परत तिच्या हातात दिला. सानिका ते बघत होती. मग तिने बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं आणि ती तोंड धुवायला गेली.

महिनाअखेरीला, दुपारी, घरात दोघीच होत्या. सानिकाचा कामावरचा पहिला आठवडा. रेवाला पाजून, ढेकर काढून हेमांगीने पालथं निजवलं होतं आणि ती शेजारी टेकली होती. तिचा उजवा हात बाळाच्या पाठीवर होता. चार बोटं गोल, मंद, एकाच लयीत फिरत होती. हे तिने ठरवून सुरू केलेलं नव्हतं. गोडी नाहीशी झाली नव्हती, ती हातात जाऊन बसली होती. बाळाजवळ आलं की हातालाच ओढ लागायची. तो पुढे व्हायचा, घामाने डकलेलं जावळ बाजूला करायचा, दुपटं सारखं करायचा. हेमांगी त्याच्याकडे बघत राहायची, दुसऱ्या कोणाचा हात असावा तशी.

फोन वाजला. उजवा हात गुंतलेला म्हणून तिने डाव्याने घेतला.

"काकू, शाहीन बोलतेय. आज शेवटचा दिवस आहे. काय ठरलं?"

"हात राहू दे."

"नक्की? नंतर मागे फिरता येणार नाही. आणि माया आपोआप येईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. खोटा धीर देणार नाही मी."

"नको देऊस. हळू बोल, ती झोपतेय."

तिने फोन ठेवला. पाणी प्यायला उठावं म्हणून हात बाजूला घेतला, तशी रेवा झोपेतच कुरकुरली, तोंड वाकडं झालं. हात परत पाठीवर गेला आणि फिरू लागला. तोंड पुन्हा सारखं झालं, एक लांब श्वास सुटला. हाताखाली मऊ काहीतरी खालीवर होत होतं. हेमांगीने वाट बघितली. तिला काही वाटलं नाही.

मायेचा हात आणि नुसता हात यातला फरक बाळाला कळत नव्हता. हेमांगीला कळत होता. तो बाळाला कधीही कळू द्यायचा नाही, एवढं काम तिच्या जन्माला आता पुरणार होतं, आणि त्यासाठी तिचा हात चांगला होता.